दार लावून कसली समाजसेवा?

"दार लावून लॅपटॉपसमोर बसतेस आणि त्याला समाजसेवा म्हणतेस?" घरच्यांच्या या टोमण्यावर पहिल्या सत्रात माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण टोमणा खराच होता. विद्यापीठाचे समाजसेवेचे तास ऑनलाइन पूर्ण करायचे होते, म्हणून आमच्या गटाने पाणी वाचवा छापाची पोस्टर्स केली आणि एक वेबिनार घेतला. हजर असलेले बहुतेक आमच्याच वर्गातले, तेही प्रमाणपत्रासाठी आलेले. तास भरले, सही मिळाली. ती पोस्टर्स कुणाला हवी होती का, हे मात्र आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असतं, की आधी काम ठरवू नका, काम मागणारं कुणीतरी शोधा. संस्थेला "आम्ही काय मदत करू?" असं विचारलं की "काहीही चालेल" हे ठरलेलं उत्तर येतं. त्याऐवजी "गेल्या महिन्यात तुमचं कोणतं काम पडून राहिलं?" असं विचारा. मी तसं विचारलं, तेव्हा एका लहानशा संस्थेतल्या ताई पटकन म्हणाल्या, "आमचे ज्येष्ठ लोक फोनवर अडतात. रोज तेच तेच समजावायला आम्हाला वेळ नाही."

मग आठवड्यातून तीन संध्याकाळी, फोनवरून फोन शिकवणं सुरू झालं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच कॉलला मी म्हणाले, "सेटिंग्जमध्ये जा." पलीकडे शांतता. "वरच्या तीन टिंबांवर दाबा." पुन्हा शांतता. त्यांच्या फोनवर ती तीन टिंबं नव्हतीच! दोघांचे फोन वेगळे, पडदे वेगळे, आणि मी माझ्या फोनकडे बघून सूचना देत होते. तेव्हापासून मी उलटं सुरू केलं. आधी त्यांनी पडद्यावर काय काय दिसतंय ते वरपासून खालपर्यंत वाचून दाखवायचं, मग मी बोलायचं. त्यात पहिली दहा मिनिटं जातात, जाऊ द्यावीत. बटणाचं इंग्रजी नाव सांगण्यापेक्षा "खाली उजवीकडे, हिरव्या गोलात बाण आहे" असं म्हटलं की काम होतं.

एका कॉलमध्ये एकच गोष्ट शिकवायची. ती त्यांनी स्वतः, मी गप्प असताना, दोनदा करून दाखवायची. गप्प राहणं हाच यातला सगळ्यात अवघड भाग. समोरचा अर्धा मिनिट अडला की जीभ वळवळते. बहुतेक वेळा त्यांना आपोआप सापडतं, आणि सापडलेलं पुढच्या वेळीही आठवतं. पैशांच्या बाबतीत मात्र कडक राहा. ओटीपी, पिन, पासवर्ड आपण विचारायचा नाही, आणि ते आपणहून सांगायला लागले तरी थांबवायचं. बँकेचं अ‍ॅप उघडायच्या आधी स्क्रीन शेअरिंग बंद करायला सांगायचं. "मी विचारलं तरी सांगू नका" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की एका आजींनी शेवटी मलाच दटावलं, "पाठ झालंय गं बाई."

संस्था सापडेपर्यंत हात रिकामे ठेवायचे नसतील तर नकाशाचं काम घ्या. 2010 च्या हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून तिथले रस्ते आणि इमारती ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या मोफत ऑनलाइन नकाशावर काढल्या, आणि मदतपथकांनी ते नकाशे वापरले. 2014 पासून मिसिंग मॅप्स हा उपक्रम, संकट यायच्या आधीच नकाशावरचे कोरे भाग असेच भरून ठेवतो. टास्किंग मॅनेजर या काम वाटून देणाऱ्या संकेतस्थळावर नकाशाचा एक चौकोन घ्यायचा, त्यातली घरं एकेक करून आखायची. आखलेल्या घराचे कोपरे काटकोनात आणायला कीबोर्डवरचं क्यू दाबायचं, ही युक्ती मला फार उशिरा कळली. घेतलेला चौकोन दोन तासांत परत केला नाही तर तो आपोआप सुटतो, म्हणून मध्ये मध्ये सेव्ह करत राहा. माझे पहिले तीन चौकोन तपासनिसाने परत पाठवले होते. मी झाडांच्या सावल्यांनाही घरं समजले होते. पण माझी चूक कुणीतरी बघतंय, म्हणजे हे काम कुणाच्या तरी उपयोगाचं आहे, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. पोस्टरवर असा शेरा कधी आला नव्हता.

झूनिव्हर्स या संकेतस्थळावर संशोधकांसाठी छायाचित्रांचं वर्गीकरण करता येतं. लेखन, भाषांतर किंवा डिझाइन येत असेल तर संयुक्त राष्ट्रांची ऑनलाइन स्वयंसेवकांची सेवा आहे, तिथे वय किमान 18 लागतं. अंध व्यक्तींना व्हिडिओ कॉलवरून मदत करणारं बी माय आइज हे अ‍ॅप जरूर घ्या, पण तासांसाठी त्यावर विसंबू नका. तिथे मदत मागणाऱ्यांपेक्षा स्वयंसेवक कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे फोन वाजायची वाट बघत बसावं लागतं.

आता कागदपत्रं. तासांवर सही कोण करणार आणि पुरावा म्हणून काय चालेल, हे पहिल्या आठवड्यात लेखी विचारून घ्या. नकाशाच्या कामाची नोंद खात्यावर आपोआप होते, फोनच्या कामाची होत नाही. मी एका वहीत तारीख, किती मिनिटं, काय शिकवलं आणि कुठे अडलं एवढंच लिहायचे, तेही त्याच रात्री. शेवटी अहवाल या वहीवरूनच उतरला.

पुराव्यात माझी एक चूक झाली. गटाच्या व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट मी अहवालात तसाच चिकटवला, चेहरे आणि नावांसकट. परवानगी कुणाचीच घेतली नव्हती. संस्थेतल्या ताईंनी तो पाहिला, मला काढायला लावला, आणि अख्खा अहवाल पुन्हा द्यावा लागला. नावं झाकलेला स्क्रीनशॉट किंवा संस्थेचं दोन ओळींचं पत्र पुरतं. मुलांना शिकवत असाल तर कॉलवर संस्थेचं मोठं माणूस असल्याशिवाय सुरुवातच करू नका.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. सत्र संपलं, तास भरले, परीक्षा आल्या आणि मी कॉल थांबवले. संस्थेला कळवलं, पण शिकणाऱ्यांना सांगायचं राहून गेलं. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून दोन मिनिटांनी एका आजोबांचा मिस्ड कॉल होता. पाच वाजून दहा मिनिटांनी आणखी एक. रात्री मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "काही नाही, फोटो पाठवायला जमला, तेवढंच सांगायचं होतं."

आता शेवटची तारीख मी पहिल्याच कॉलमध्ये सांगते, आणि पुढच्या सत्रात येणाऱ्या मुलामुलींशी शेवटच्या दोन कॉलमध्ये ओळख करून देते. वहीही त्यांच्याकडेच जाते.