ल्योंमध्ये एकट्याने: आधी वर, मग खाली
फ्रान्समधल्या ल्यों शहरासाठी एकच दिवस असेल, तर सकाळी व्ह्यो-ल्यों स्थानकातून फ्युनिक्युलरने (दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) फूरव्हिएर टेकडीवर जा. मेट्रोचंच तिकीट चालतं. वरच्या बॅसिलिकापासून (मोठं चर्च) शहर न्याहाळा, शेजारचं रोमन नाट्यगृह बघा (फुकट आहे) आणि पायीच उतरा.

खाली जुन्या वस्तीत 'त्राबूल', म्हणजे इमारतींच्या पोटातून जाणारे बोळ. ५४, र्‍यू सें-झां इथलं दार उघडं मिळालं, तर आतल्या आत र्‍यू द्यु बफवर निघता. खरी गंमत इथेच. मात्र लोक राहतात तिथे, आवाज नको.

जेवायला बाराच्या ठोक्याला 'बुशों', म्हणजे ल्योंची पारंपरिक खाणावळ, गाठा. एकट्याला तेव्हा टेबल मिळतं, दोननंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद. शाकाहारींनी आधी विचारावं: इथल्या क्नेलमध्ये (मऊ, लांबट गोळे) बहुधा मासा असतो.