एम ५१ चा एक्स-रे कसा वाचावा

परभणीत २६ वर्षं मी एक्स-रे काढतोय. छातीचे, गुडघ्यांचे, ऊसतोडीवरून मोडून आलेल्या मनगटांचे. दोन उन्हाळ्यांपासून रात्री आणखी एक एक्स-रे वाचायचा नाद लागलाय, एम ५१ या सर्पिल दीर्घिकेचा. गच्चीवर झोपायचे दिवस आले की सप्तर्षीच्या शेपटाचं टोक बघा. तो मरीची, आणि त्याच्या जवळच ही दीर्घिका. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षं लांब आहे. तिच्यात नवे तारे कुठं जन्मलेत हे घरबसल्या कसं वाचायचं, ते सांगतो.

आधी आमच्या धंद्यातली एक सवय मोडा. आपल्याकडं नळी किरण टाकते, पेशंट मधी उभा राहतो आणि आपण सावली वाचतो. वर नळी नाही. जे दिसतं तेच स्वतः किरण टाकायलंय. दुसरं म्हणजे छातीला आम्ही ११०-१२० केव्ही (किलोव्होल्ट) लावतो आणि मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, किरण अ‍ॅल्युमिनियमच्या फिल्टरनं अडवतो, कारण ते कातडीतच जिरतात, फिल्मपर्यंत येतच नाहीत. चंद्रा ही दुर्बीण नेमके तेच मऊ किरण धरते, साधारण ०.३ ते १० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे. हवेतही ते जिरतात, म्हणून १९९९ साली तिला अवकाशात सोडावी लागली. नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं.

तिची निरीक्षणं फुकट मिळतात. चंद्राच्या संग्रहात 'एम ५१' टाकून शोधा, उपकरण 'एसिस' निवडा आणि जास्तीत जास्त एक्स्पोजर असलेलं निरीक्षण घ्या. आमचं एक्स्पोजर सेकंदाच्या अंशात उरकतं. या एका दीर्घिकेसाठी सगळी मिळून दहा लाख सेकंदांच्या आसपास वेळ दिलाय. उतरवायची ती 'ईव्हीटी २' नावाची फाईल. पहाटे उतरवा. लाईट मधीच गेली तर काय, बनी तो बनी, नहीं तो परभणी.

फाईल 'डीएस ९' या फुकटच्या सॉफ्टवेअरात उघडा. निराश होऊ नका, काळ्यावर चार ठिपके दिसतील. ही फाईल म्हणजे फोटो कमी आणि ओपीडीचं रजिस्टर जास्त. आलेल्या प्रत्येक फोटॉनची, म्हणजे किरणाच्या एकेका कणाची, ओळ लिहिलेली: कधी आला, कुठं पडला, किती जोराचा. 'स्केल'मध्ये जाऊन 'लॉग' करा, मग 'स्मूथ' थोडंसं. जास्त केलं की सगळंच ढगाळ दिसतं आणि माणूस नसलेलं बघायला लागतो.

खरी गंमत गाळण्यात आहे. 'बिन'च्या खिडकीत फिल्टरची जागा असते, तिथं ऊर्जेची हद्द लिहा. आकडे इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये: एकदा ५०० ते १२००, मग १२०० ते २०००, मग २००० ते ७०००. तिन्ही 'आरजीबी' फ्रेममध्ये टाका. मऊ लाल, मधलं हिरवं, कडक निळं. शेवटी 'अ‍ॅनालिसिस'मधून त्याच जागेचा साध्या प्रकाशातला फोटो मागवा आणि दोन्ही फ्रेम आकाशाच्या अक्षांशा-रेखांशांवर जुळवा. या जुळवणीशिवाय वाचायला बसू नका. जुना एक्स-रे शेजारी लावल्याशिवाय डॉक्टर तरी कुठं मत देतात?

आता वाचन. पुसट लाल धग आधी बघा. ती दीर्घिकेच्या सर्पिल बाहूंच्या बाजूनं पसरलेली दिसेल. हा तापलेला वायू आहे, दहा-वीस लाखांपासून पाऊण कोटी अंशांपर्यंत. जड तारे जन्मले की त्यांचे वारे आणि पुढं त्यांचे स्फोट आजूबाजूचा वायू असा तापवतात. स्फोट नुसते पुस्तकातले नाहीत: या एका दीर्घिकेत १९९४, २००५ आणि २०११ साली असे तीन दिसले, आणि तिन्ही जड ताऱ्यांचेच.

मग ठिपके. चंद्रानं या दीर्घिकेत सुमारे चारशे टिपलेत. बहुतेक जोड्या आहेत: एकीकडं न्यूट्रॉन तारा (मेलेल्या जड ताऱ्याचा घट्ट गाभा) किंवा कृष्णविवर, दुसरीकडं त्याला वायू पुरवणारा जोडीदार. जोडीदार जड असेल तर जोडी तरुण, कारण जड तारा काही कोटी वर्षांत संपतो. त्याला जन्मगावापासून फार लांब जायला सवडच नसते, म्हणून अशा जोड्या बाहूंवर सापडतात. जोडीदार हलका असेल तर जोडी शंभर कोटी वर्षांहूनही जुनी असू शकते, आणि अशा जोड्यांची दाटी मधल्या फुगवट्यात. माझी भाची मागं उभी राहून म्हणाली, "मामा, मधी लई ठिपके हायेत, म्हणजे तारे तिथंच जन्मायलेत का?" तिथंच फसायला होतं. ठिपका मोजण्याआधी तो कुठं बसलाय ते बघा. फुगवट्यातल्या जोड्या जुन्या ताऱ्यांचा हिशोब सांगतात, बाहूंवरच्या नव्या जन्मांचा.

या हिशोबाला आकडाही आहे. दरवर्षी एका सूर्याएवढं द्रव्य ताऱ्यांत जात असेल, तर त्या दीर्घिकेतल्या जड जोडीदाराच्या जोड्या मिळून सहा-सात लाख सूर्यांच्या एकूण तेजाएवढी ऊर्जा एक्स-रेमध्ये टाकतात. ठोकळ मान आहे, पण बऱ्याच दीर्घिकांना लागू पडतं. आपल्या आकाशगंगेचा दर वर्षाला एक ते दोन सूर्य इतका आहे. साध्या प्रकाशातली हायड्रोजनची लाल चमक गेल्या कोटीभर वर्षांतले जन्म सांगते. जोड्या त्याहून मागचेही, काही कोटी वर्षांपर्यंतचे.

माझी चूक सांगतो. पहिल्या आठवड्यात कडेला चार जाडे, ताणलेले डाग दिसले आणि मी वहीत 'गरम वायूचे ढग' असं लिहून ठेवलं. ते साधे ठिपकेच होते. चंद्रा मध्यभागी अर्ध्या विकलेपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) बारीक बघते, कडेला ठिपका फुगतो. पेशंट हलला की मला लगेच कळतं, इथं कळायला आठवडा गेला. तसंच फक्त निळ्यात दिसणारा ठिपका धुळीआडचा असू शकतो, कारण धूळ-वायू मऊ किरण आधी गिळतात. नाहीतर तो या दीर्घिकेचा नसतोच, मागं फार लांब असलेल्या दुसऱ्या दीर्घिकेचं केंद्र असतं. अशा ठिपक्यासमोर मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढतो आणि बेरजेत धरत नाही.

हात बसला की देवयानी दीर्घिकेचा मधला भाग उघडा. ठिपके भरपूर, नवे तारे जवळपास नाहीत. तिथं भाचीनं स्वतःहून सांगितलं, "हे सगळे म्हातारे हायेत."