प्रोजेक्ट कॉपी न करता कसा लिहायचा

सबमिशन जवळ आलं की मागच्या वर्षीचे प्रोजेक्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात, आणि बरीच मुलं वेळच उरला नाही म्हणून ते उतरवतात. तर पहिलं काम, विषय छोटा घ्या, आपल्या गावातला घ्या. 'गोव्यातली शेती' नको, तुमच्या गावचं खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन घ्या, बांध बघून या, मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कोण उघडतो त्याच्याशी बोला, हे आयतं कुठे मिळणारच नाही.

खरी चूक होते ती नोट्स काढताना. वाक्य जसंच्या तसं घेतलं तर लगेच अवतरण चिन्ह टाका, पुस्तकाचं नाव नि पान नंबर तिथंच लिहा, नंतर लिहू म्हटलं की राहिलंच. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा लायब्ररीत वाचायला बसलात तर उतारा वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि मग लिहा, समोर उघडं ठेवून नुसते शब्द बदलले तर ती कॉपीच.

एमए, पीएचडीवाल्यांनी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) कॉपीबद्दलचे २०१८ चे नियम वाचाच. दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० मध्ये सुधारून परत द्यावं लागतं, ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द. नीट संदर्भ दिलेली अवतरणं त्यात धरत नाहीत.

एआय वापरायचं असेल तर सर-मॅडमना आधी विचारा.

आणि मित्राने फाईल मागितली तर देऊ नका, पण त्याला एकटाही सोडू नका, तासभर त्याच्यासोबत बसा, सुरुवात करून द्या.