मुंबईच्या पिनकोडाचे अवयव कसे पाडावेत

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोड ही खरे तर मोजण्याची संख्या नव्हे, ती पत्त्याची खूण आहे. तरीही सहा अंकी संख्येचे गुणधर्म तपासण्याचा सराव करायचा असेल, तर मुंबईकराला याहून सोयीची संख्या मिळणे कठीण. कारण शहरातला प्रत्येक पिनकोड ४०० ने सुरू होतो आणि त्यामुळे बरेचसे काम तोंडी उरकते.

फोर्टचा ४००००१ घ्यावा. शेवटचा अंक १ असल्याने २ आणि ५ बाद होतात, अंकांची बेरीज ५ असल्याने ३ बाद होतो. पुढच्या ७, ११ आणि १३ साठी मात्र तीन निरनिराळ्या कसोट्या पाठ करण्याचे कारण नाही. या तिघांचा गुणाकार १००१ येतो, आणि ४०० × १००१ मधून ४०० व शेवटचे तीन अंक यांच्यातील फरक वजा केला की पिनकोड मिळतो; म्हणून त्या फरकाला यांपैकी ज्याने भाग जातो, त्याने पूर्ण पिनकोडालाही जातो. येथे फरक ३९९ आहे. त्याला ७ ने भाग जातो, ११ आणि १३ ने जात नाही. म्हणजे ४००००१ = ७ × ५७१४३.

आता कष्टाचा भाग येतो. ५७१४३ मूळ आहे की संयुक्त, हे ठरवण्यासाठी तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते, कारण दोन्ही अवयव वर्गमूळापेक्षा मोठे असूच शकत नाहीत. २३९ चा वर्ग ५७१२१, म्हणजे अवघ्या २२ ने कमी. त्यामुळे २३९ लाही सोडता येत नाही, आणि घाईत नेमका हाच शेवटचा भागाकार राहून जातो. एकानेही निःशेष भाग जात नाही, तेव्हा ५७१४३ मूळ संख्या ठरते.

अवयव हाती आले की वर्गीकरण सोपे आहे. ४००००१ चे स्वतःखेरीज विभाजक १, ७ आणि ५७१४३. त्यांची बेरीज ५७१५१, संख्येपेक्षा बरीच कमी, म्हणून ती न्यून संख्या. ४ ने भागल्यास बाकी १ उरते, यावरून ती दोन वर्गांची बेरीज असेल असे वाटते. पण त्यासाठी ४ ने भागल्यास ३ बाकी ठेवणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यावा लागतो; येथे ७ हा तसा अवयव एकदाच आला असल्याने तसे लिहिता येत नाही.

दादर पूर्वेच्या ४०००१४ चे चित्र अगदी वेगळे आहे: २ × ३² × ७१ × ३१३. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या २४ मिळते, आणि स्वतःखेरीज विभाजकांची बेरीज ४,८१,६९८ येते, म्हणजे संख्येहून जास्त. अशा संख्येला विपुल म्हणतात. दादरला ते शोभतेही. गिरगावच्या ४००००४ साठी फरक ३९६ येतो, आणि तेथे ११ लागू पडतो.