गावातल्या गावात विणकामाचा ग्रुप : दवाखान्यातल्या बाळांची टोपडी अन् ऊसतोडीच्या लेकरांच्या कानटोप्या

अंबाजोगाईत आम्ही अकरा-बारा बाया दुपारी मिळून विणायला बसतो आणि विणलेलं सगळं दवाखान्यातल्या तान्ह्या बाळांना अन् आईबापासोबत ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांना देतो. बऱ्याच जणी विचारायल्यात की आमच्याकडं पण चालू करायचंय, कुठून सुरुवात करू, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. लांबलंय, पण कामाचं आहे.

सुया हातात घ्यायच्या आधी ज्यांना द्यायचंय त्यांना जाऊन विचारा. पहिल्या वर्षी आम्ही विचारलं नाही. हौसेनं चाळीस स्वेटर विणले, पुढून बटणं, गळ्याला झालर, एकीनं तर पाठीवर बदकं काढली होती, आणि पिशव्या भरून एका दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टरनी स्वेटर हातात घेऊन बघितला, चांगला म्हणाल्या, आणि मग शांतपणे सांगितलं की अडीच किलोच्या आतलं बाळ आम्ही कांगारू पद्धतीनं आईच्या छातीशी ठेवतो, अंगावर फक्त लंगोट, डोक्याला टोपडं, पायात मोजे, बाकी कातडीला कातडी लागली पाहिजे, मधे स्वेटर आला तर आईची ऊब बाळाला लागणार कशी? शेजारच्या खाटेवरच्या बाळाच्या डोक्याला मोठ्या माणसाचा पांढरा पायमोजा होता, वरचा भाग कापलेला अन् एका टोकाला गाठ मारलेली. त्या मापाचं टोपडं बाजारात मिळत नाही म्हणून. ती गाठ मी अजून विसरले नाही. चाळीस स्वेटर घेऊन उभी होते अन् त्या बाळाला लागणारं एक टोपडं माझ्या पिशवीत नव्हतं.

म्हणून नवजात बाळांच्या कक्षाच्या इन्चार्ज सिस्टरला भेटा आणि तीन गोष्टी वहीत लिहून आणा : महिन्याला साधारण किती लागतील, कुठल्या मापाच्या, आणि बाहेरून आणलेलं विणकाम चालतं का अन् कसं धुवून द्यायचं. काही ठिकाणी घेत नाहीत, इन्फेक्शनची भीती असते त्यांना, तर वाईट वाटून घेऊ नका, आशाताईंना विचारा, त्यांना घरोघरची बाळंतीण माहीत असते.

बाळाच्या अंगाच्या मानानं डोकं मोठं असतं, त्यामुळं ऊब डोक्यातून लवकर जाते. बाळाचं अंग ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमधे राहायला लागतं आणि कमी वजनाच्या बाळाला स्वतःची ऊब स्वतः टिकवता येत नाही. म्हणून एवढंसं टोपडं, पण त्याचं माप चुकवू नका.

आता ग्रुप. सहा-सात जणी पुरे झाल्या, पन्नास जणींचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढून बसायला चारच येतात. जागा देवळाचा सभामंडप नाहीतर कुणाची तरी ओसरी, वेळ दुपारी दोन ते चार, आणि वार ठरवताना नळाचा दिवस टाळा, आठ दिवसांनी पाणी येणार असलं तर त्या दिवशी कुणी येत नाही अन् येऊ पण नये. महालक्ष्म्यांच्या आसपासचे दहा दिवस पण सोडून द्या.

ज्यांना विणता येत नाही त्यांना लगेच टोपडं देऊ नका. जाड लोकर, ८ नंबरच्या सुया, ३४ टाके घालायचे अन् नुसतं सुलटच विणत जायचं, १५ सेंमीचा चौकोन होईपर्यंत. ओळी मोजायला लावू नका कारण कुणाचा हात घट्ट कुणाचा सैल, त्यापेक्षा पुठ्ठ्याचा १५ सेंमीचा चौकोन कापून द्या, त्याच्यावर बसला की टाके बंद. असे ३६ चौकोन सहा बाय सहा जोडले की लेकराचं पांघरूण होतं. मोतीबिंदू झालेल्या आज्यांना फिकट रंगाची लोकर द्या, गडद रंगात टाका दिसत नाही, आणि आमच्या ग्रुपातल्या सगळ्यात सफाईदार हाताची आजी सत्तरीच्या पुढची आहे, वाचता येत नाही पण एकदा बोलून सांगितलं की चुकत नाही.

लोकरीचं. तान्ह्या बाळाला बेबी लोकर, चार पदरी, मऊ. गुंडा गालाला अन् मानेला लावून बघा, जरा जरी टोचला तर नको. केस सुटणारी, चमकीची लोकर अजिबात नको, तंतू नाकातोंडात जातात. घोंगडीची दख्खनी मेंढीची लोकर आपल्याकडची आहे, लई चांगली आहे, पण ती म्हाताऱ्या माणसांच्या पाठीला, बाळाच्या कातडीला नाही. विकत घेताना गुंड्यावरचा शेड नंबर अन् लॉट नंबर दोन्ही बघून घ्या, लॉट बदलला की तोच रंग वेगळा दिसतो. आणि सुयांचा नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक, नवीन बायका हमखास उलटं समजतात : १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर.

पैसे गोळा करू नका, लोकर गोळा करा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लास्टिकचे डबे वाण म्हणून लुटतो ना, त्याऐवजी ज्यांच्या घरी जाल त्यांना आधीच सांगून ठेवा की यंदा आम्हाला वाण म्हणून एक गुंडा द्या. एका संक्रांतीत आमची वर्षाची अर्धी लोकर निघाली. रोख कुणी दिलेच तर वहीत लिहा आणि दोघींच्या सह्या घ्या, मैत्रिणी असल्या तरी. कुणी ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळायची, पावती मागितली तर स्पष्ट सांगा की ती नोंदणी झालेल्या आणि तशी मान्यता असलेल्या संस्थेलाच देता येते, आम्ही नुसता ग्रुप आहोत.

जुने स्वेटर पण येतात. ते उसवायचे, लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात भिजवायची अन् खाली थोडं वजन अडकवून सावलीत वाळत टाकायची म्हणजे वळ्या जातात. ही लोकर मोठ्या लेकरांच्या टोप्यांना वापरा, तान्ह्यांना नवीनच घ्या.

आता टोपडं, हे नीट वाचा. पूर्ण दिवसाच्या बाळाचं डोकं ३३ ते ३५ सेंमी घेराचं असतं. टोपडं त्यापेक्षा थोडं कमी घ्यायचं, कारण ताणतं. सैल टोपडं झोपेत घसरून डोळ्यावर, नाकावर येतं अन् ते धोक्याचं. १० नंबरच्या सुयांवर ८४ टाके घाला. एक सुलट एक उलट अशी ३ सेंमी बॉर्डर. मग एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट एक सुई उलट, खालच्या काठापासून १० सेंमी होईपर्यंत. आता टाके कमी करायचे : १० टाके सुलट, पुढच्या दोनाचा एक, असं सुईभर सात वेळा, ७७ राहतात. परतीची सुई नुसती उलट. पुढच्या सुईला ९ सुलट अन् दोनाचा एक, ७० राहिले. परत उलट सुई. मग ८, मग ७, असं प्रत्येक सुलट सुईला मधला एक-एक टाका कमी करत यायचं, शेवटी १ सुलट अन् दोनाचा एक झालं की १४ उरतात. एक उलट सुई, मग सगळे दोन-दोन एकत्र, ७ उरले की लोकर हातभर ठेवून कापा, मोठ्या सुईत ओवून सातही टाक्यांतून काढा, ओढून गच्च करा आणि त्याच धाग्यानं बाजू शिवून घ्या. शिवण चपटी पाहिजे, आतून जाड दोरी राहिली तर बाळाच्या डोक्यावर वळ उठतो.

शेवटची दोन-दोन एकत्र करायची सुई सोडली तर कमी करायच्या सुया दहा आहेत. आमची आजी एका वाटीत तुरीचे दहा दाणे घेऊन बसते, एक सुई झाली की एक दाणा दुसऱ्या वाटीत, कधीच चुकत नाही, मी कागदावर रेघा मारूनही चुकते.

दीड-दोन किलोच्या बाळाला ७० टाके घाला, बॉर्डर अडीच सेंमी, ८ सेंमीपर्यंत सरळ, अन् कमी करायला ८ सुलट, दोनाचा एक इथून सुरू. हीच टोपडी दवाखान्याला सगळ्यात जास्त लागतात आणि हीच कुणी विणत नाही, कारण हातात घेतल्यावर बाहुलीची वाटतात. ५० ग्रॅमच्या गुंड्यात मोठी दोन सहज होतात.

माप बघायला बाळ कुठून आणणार, तर सोललेला नारळ घ्या, टेपनं घेर मोजून ३४ च्या आसपासचा निवडा अन् त्याच्यावर टोपडं चढवून बघा. ओढायला लागलं तर घट्ट, फिरवलं की गरगर फिरलं तर सैल. छोट्या मापाला लहान नारळ घ्या, पण टेप लावूनच, डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. गोंडा, बटण, मणी, नाडी काही लावायचं नाही. दिसायला छान दिसतं पण बाळाच्या तोंडात जातं नाहीतर गळ्याला आवळतं.

मोजे टाच न काढता सरळ नळीसारखे विणा, ३६ टाके, सगळी बॉर्डरच, टोकाला ओढून बंद. पायात टिकतात.

ऊसतोडीच्या लेकरांचं वेगळं आहे. बीड जिल्ह्यातून, धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार इकडून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत, आणि येतात ते मार्च-एप्रिलमधे. म्हणजे तुमचं सगळं विणून, धुवून दसऱ्याच्या आत तयार पाहिजे. थंडी पडल्यावर, मार्गशीर्षात आमच्या योगेश्वरी देवीच्या उत्सवाला टोप्या घेऊन बाहेर पडलात तर गावात म्हातारीच भेटते, लेकरं फडात असतात. आम्ही पोळ्याच्या आधीच सुया हातात घेतो.

पहाटे अंधारात आईबाप उसात उतरतात अन् लेकरू पाचटावर बसलेलं असतं, नाहीतर कोपीत, म्हणजे झोपडीत, चुलीशेजारी. इथं नीट लक्ष द्या. बाजारातली बरीचशी स्वस्त लोकर अॅक्रिलिक असते, ती पेटली की वितळते आणि कातडीला चिकटते. त्यामुळं लोंबणारे मफलर, झालरी, लांब दोऱ्या नको, अंगासरशी बसणारी टोपीच चांगली. वर्ष-दीड वर्षाच्या लेकराला जाड लोकर, ८ नंबरच्या सुया, ९१ टाके, कमी करताना ११ सुलट, दोनाचा एक. मोठ्या लेकराला ९८ टाके अन् १२ सुलटपासून. कान झाकायला टोपी ५ सेंमी जास्त खोल करा, बॉर्डर लांब ठेवा. रंग गडद, मरून, तपकिरी, निळा, तिकडं धुवायला पाणी कुठं मिळतंय. तान्ह्यांना मात्र काळा घेऊ नका, बोरन्हाण सोडलं तर बाळाला काळं घालायला आया तयार होत नाहीत अन् आपण त्यांना शिकवायला जाऊ नये.

द्यायच्या आधी प्रत्येक वस्तू धुवायची. कोमट पाणी, साधा साबण, दोनदा खळबळून, पिळायचं नाही, टॉवेलमधे दाबून सावलीत आडवं वाळवायचं. इस्त्री नको, अॅक्रिलिकची फुगी कायमची बसते. आपल्याकडं नवं कोरं बाळाला लगेच घालत नाहीत, तर धुतलेलं आहे असं सांगितलं की आज्या पण हरकत घेत नाहीत. मग आत-बाहेर बोट फिरवून बघा, सुटलेलं टोक, विसरलेली टाचणी. एका वर्षी माझ्याच टोपडीत टाचणी सापडली, आजीच्या बोटाला लागली म्हणून कळलं, तेव्हापासून टाचण्या मोजून काढतो अन् मोजून परत ठेवतो. मापाप्रमाणं वेगळ्या पिशव्या, वर मोठ्या अक्षरात लिहा : दोन किलोच्या आत, पूर्ण दिवसाचं, वर्षाचं. रात्री धावपळीत सिस्टरना शोधत बसायला लागू नये.

वाटायचं कसं ते पण सांगते. स्टेज, हारतुरे, लेकरांना रांगेत उभं करून फोटो, हे आम्ही करत नाही. टोळी निघायच्या आधी अंगणवाडीच्या ताईंकडून कुठल्या वयाची किती लेकरं चाललीत ते घेतो, तेवढ्या टोप्या त्यांच्याकडं देतो, त्या आईच्या हातात देतात. फोटोच काढायचा तर ओसरीवर मांडलेल्या टोप्यांचा काढा, लोकर देणाऱ्यांना तो पुरतो. आणि एप्रिलमधे टोळ्या परत आल्या की एकदा जाऊन टोपी बघा, कुठं उसवली, कुठं छोटी पडली, लेकरानं घातली का नुसतीच ट्रंकेत राहिली. ९१ टाके आम्हाला असेच कळले, आधी ८४ घ्यायचो अन् अर्ध्या टोप्या कानाच्या वरच राहायच्या.

एक शेवटचं. सीझन संपला म्हणून दवाखान्याची पिशवी रिकामी ठेवू नका. ऊसतोडीच्या लेकरांच्या टोप्यांचं काम दसऱ्याला संपतं, पण दीड किलोचं बाळ ऐन मे महिन्यात पण येतं, बाहेर बेचाळीस डिग्री असली तरी त्याला टोपडं लागतं. आमच्याकडं ७० टाक्यांची दहा टोपडी कायम वॉर्डात असतात, पाच उरली की सिस्टरचा मेसेज येतो अन् दुपारच्या बैठकीला पहिल्यांदा ती घेतली जातात.