गडावर चूल नको: भिजवून खायच्या वाळवणाची माझी रीत

रतनवाडीतून रतनगड, तिथून कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. डिसेंबरातली तीन दिवसांची चाल होती आणि आम्ही चौघं होतो. बर्नर, गॅसचं नळकांडं, वारा अडवायचा पत्रा, पातेलं, झाकणी, डाव हे सगळं माझ्या पाठीवर, कारण चिठ्ठी माझी निघाली. नाशिकला परत आल्यावर राग म्हणून सगळं काट्यावर ठेवलं. सव्वादोन किलो! आणि एवढं वाहून दुसऱ्या रात्री खाल्लं काय, तर वाऱ्यात पाऊण तास धडपडून केलेला, वरून गचका आणि आतून कणीदार भात.

त्यानंतर मी डोंगरात स्वयंपाक करणं सोडलं. जेवण सोडलं नाही, हे महत्त्वाचं. नुसत्या बिस्किट-चिवड्यावर तिसऱ्या दिवशी माणूस चिडका होतो.

गुपित काही नाही. घरी पूर्ण शिजवायचं, खडखडीत वाळवायचं, डोंगरात घट्ट झाकणाच्या बरणीत साध्या पाण्यात भिजवून खायचं. आईला सांगितलं तेव्हा ती गच्चीवर कुरडयांचा चीक घालत होती. म्हणाली, "यात नवीन काय? उरल्या भाताचे सांडगे मी घालतेच की. तू फक्त तळायचं विसरतेस."

आधी कशाला हात लावायचा नाही ते

थंड पाण्यात पदार्थ भिजतो, शिजत नाही. त्यामुळे जे घरी शिजलेलं किंवा नीट भाजलेलं नाही ते बरणीत जाणार नाही. कच्चं बेसन, कच्ची डाळ, साबुदाणा बाद. साबुदाणा भिजून मऊ दिसतो, पण असतो कच्चाच. राजमा तर अजिबात नाही, कच्चा किंवा अर्धाकच्चा राजमा पोटाला खरोखर बाधतो. रवा भाजून नेला तरी थंड पाण्यात त्याचा उपमा होत नाही, खळ होते. छोले शिजवून वाळवले तर डोंगरात तीन तासांनीही दाताखाली गोट्या. मी दोनदा करून पाहिले, तुम्ही करू नका.

उलट आपल्याकडे आयत्या गोष्टी किती आहेत बघा. पोहे होतात तेच मुळी साळी भिजवून, भाजून, चेपून. डाळवं भाजलेलं, मेतकूट भाजलेलं, सातूचं पीठ भाजलेलं, दाण्याचा कूट भाजलेला. निम्मं काम भट्टीवर आणि गिरणीत झालेलं असतं.

खिचडी, सावकाशीनं

खरी मेहनत हिलाच आहे. अडीचशे ग्रॅम कोलम तांदूळ आणि दीडशे ग्रॅम मूगडाळ. इंद्रायणी खायला मला जास्त आवडतो, पण चिकट असल्यानं वाळताना त्याची ढेकळं होतात. हळद, हिंग, मीठ, कोरडं भाजून भरडलेलं जिरं, किसलेलं आलं घालून कुकरला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. आसट नको, पण शीत बोटांत दाबलं की सपाट झालं पाहिजे.

फोडणी नाही. तेल नाही, तूप नाही. पहिल्या वर्षी मी हौसेनं लसणाची फोडणी दिली होती. तीन आठवड्यांनी पिशवी उघडली तर जुन्या फरसाणासारखा खवट वास. स्निग्ध पदार्थ वाळत नाहीत, नुसते खवट होतात. ते वेगळे न्यायचे.

खिचडी कोमट झाली की लगेच ताटांत पसरायची. सकाळी शिजवलेली दुपारपर्यंत पातेल्यात ठेवायची नाही, शिजलेला भात उबेत राहिला की बिघडतो आणि ते वासावरून कळेलच असं नाही. थर पातळ हवा, दोन शितांपेक्षा जाड नको. मी स्टीलच्या ताटांत बेकिंगचा कागद घालते. मार्च-एप्रिलमध्ये नाशिकची हवा कोरडी असते, तेव्हा सकाळी नऊला ताटं गच्चीवर, वरून जुनी ओढणी, खाटेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. बारा वाजता वरचा थर चामड्यासारखा होतो आणि खाली अजून ओल असते. हाच क्षण चुकवायचा नाही. पोळी उलटावी तसा अख्खा पापुद्रा उलटा करायचा. चारच्या सुमारास ताट जरा वाकवलं की कडेनं तो आपोआप सुटतो आणि त्याचा 'टक्' असा आवाज येतो. संध्याकाळी कुठंही मऊ लागलं तर ताट रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी पुन्हा उन्हात.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत हा उन्हाचा खेळ करू नका. तिथं ओव्हन बरा: साठ-पासष्ट अंश, दाराला लाकडी चमचा लावून फट ठेवायची, सात-आठ तास. वाळवणी यंत्र असेल तर प्रश्नच मिटला. पहिल्यांदा करणाऱ्यानं ओव्हनच वापरावा असं मी म्हणेन. उन्हाचा अंदाज यायला एक हंगाम जातो.

मग सगळ्यात कामाची युक्ती. वाळलेले तुकडे मिक्सरमध्ये घालून फक्त दोन झटके द्यायचे. पीठ नको, जाडसर भरड हवी. अख्खी शितं थंड पाण्यात दोन तास घेतात आणि तरी मधे कणी राहते. भरड पाऊण तासात मऊ होते.

भरड काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवा आणि रोज एकदा हलवा. काचेला बाष्प दिसलं किंवा कण चिकटून बसले तर ओल राहिली आहे. लगेच दिसलं तर पुन्हा वाळवा. बुरशीचा ठिपका दिसला तर सगळं फेका, वरचं काढून खालचं ठेवायचं नाही. सगळं ठीक असेल तर शंभर-शंभर ग्रॅमच्या पिशव्या भरून वर तारीख. मी दोन महिन्यांत संपवते.

गडावर शंभर ग्रॅमला अडीचशे मिली पाणी. भिजल्यावर चमचाभर शेंगदाण्याचं तेल, दोन चमचे कूट, मेतकूट आणि लिंबू. तूप मीही न्यायचे, पण डिसेंबरच्या रात्री हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच्या वाऱ्यात ते बाटलीत दगडासारखं झालं आणि आम्ही ते काडीनं कोरत बसलो. तेव्हापासून तेल.

बाकीचं झटपट

सकाळी सातूचं पीठ. दोन भाग गहू भिजवून, निथळून, सावलीत कोरडे करून खमंग भाजायचे, एक भाग डाळवं, थोडी वेलची, आणि बारीक दळून आणायचं. पाच चमचे पीठ, दोन चमचे दूध पावडर, दोन चमचे गूळ पावडर. पाणी थोडं थोडं घालायचं, नाहीतर गुठळ्या. अंधारात निघताना उभ्या उभ्या खाऊन होतं.

दुपारी दडप्या पोह्यांची पिशवी: पातळ पोहे, सुकं खोबरं किसून, वाळवलेला कांदा, सावलीत वाळवून चुरलेला कढीपत्ता, लाल मिरची, मीठ, साखर. कांदा मात्र वेगळ्या पुडीत. त्याला मऊ व्हायला वीस मिनिटं लागतात आणि पोह्यांना दोन. दोन्ही एकदम भिजवलं तर कांदा चिवट आणि पोह्यांचा लगदा. आधी बरणीत कांदा आणि अर्धी वाटी पाणी, वीस मिनिटांनी त्याच पाण्यावर दोन वाट्या पोहे, झाकण लावून चांगलं हलवायचं. दडपायचं काम बरणी करते. एक ओला कांदा आणि लिंबू पिशवीत असेल तर मग काय विचारता.

माझा हिशेब दिवसाला माणशी सहाशे ग्रॅम कोरडा माल. कूट आणि खोबऱ्याकडे कंजूषपणा करू नका. कमी वजनात ताकद तिथंच आहे: शंभर ग्रॅम पोह्यांत साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, तेवढ्याच दाण्यांत साडेपाचशेच्या वर.

पाणी

बिनचुलीच्या जेवणात सगळ्यात मोठी जोखीम पाण्याची, आणि लोक नेमकं हेच विसरतात. शिजवताना पाणी उकळतं. इथं काहीच उकळत नाही, गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यातलं पाणी जसंच्या तसं पोटात जातं. म्हणून भिजवायचं पाणीसुद्धा पिण्याच्या पाण्याइतकंच शुद्ध हवं. मी आधी सुती रुमालातून गाळते, मग क्लोरीनची गोळी, पुडीवरच्या प्रमाणात, आणि निदान अर्धा तास थांबते. ते झाल्यावरच बरणी भरायची. एप्रिल-मेमध्ये बरीच टाकी आटलेली असतात, तेव्हा जेवणाचं पाणी धरूनच बाटल्या मोजा.

दुसरी चूक माझी स्वतःची. एका एप्रिलात हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईत सकाळी सातला खिचडी भिजवली, म्हटलं दुपारी आयती मिळेल. वर देवळापाशी गप्पा, मग कोकणकडा, आणि जेवायला बसायला अडीच वाजले. झाकण फिरवलं आणि सोड्याच्या बाटलीसारखं 'फुस्स' झालं. वर बारीक फेस. भाच्यानं वास घेतला आणि म्हणाला, "मावशी, इडली करायची का?" उन्हाळ्यात भिजवल्यापासून तासाभरात खायचं, हा नियम तिथून आला. आता जेवायच्या पाऊण तास आधी पाणी घालते, बरणी सॅकच्या बाहेरच्या खिशात ठेवते आणि चालत राहते. थंडीत ती जॅकेटच्या आत, पोटाशी.

एक मात्र सांगते, वाटेतल्या गावात पिठलं-भाकरी मिळत असेल तर बरणी उघडू नका. पाचनईत चुलीवरची गरम भाकरी समोर असताना थंड खिचडी खाणं हा करंटेपणा आहे, आणि ते दोन पैसे त्या घरात गेलेले बरे. बरणी आहे ती मधल्या मुक्कामांसाठी, आणि फेब्रुवारीनंतर, जेव्हा गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीनं अख्खा उतार पेटेल. शिवाय रेल्वेनं येणाऱ्यांना गॅसचं नळकांडं नेता येत नाही, तो घोरही नाही.

बरणी रुंद तोंडाची, अर्ध्या लिटरची, घट्ट फिरकीच्या झाकणाची घ्या. पीनट बटरची रिकामी उत्तम. चमचा लांब दांड्याचा, नाहीतर बोटं खिचडीत. साबण नको. खाऊन झालं की दोन घोट पाणी आत घाला, झाकण लावून खळखळून हलवा आणि पिऊन टाका. पहिल्यांदा कसंतरी वाटतं. तिसऱ्या दिवशी त्यात लिंबू पिळून मागतात.