आधी पिंप, मग रोप

कीटकभक्षी झाडं लावायची हौस आली असेल, तर पहिली खरेदी रोपाची नाही, पिंपाची. २०० लिटरचं, झाकणाचं, प्लास्टिकचं. आणि एक नाही, दोन. कोकणात राहून पाणी कसलं साठवायचं म्हणून हसू येत असेल तर येऊ दे, मलाही आलं असतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मी भर उन्हाळ्यात दोन बादल्या पावसाच्या पाण्यासाठी वाडीभर विचारत फिरले होते.

झालं असं, की जुलैत सात रोपं मागवली. कुंड्या, मॉस म्हणजे वाळकं शेवाळ, परलाइटचे पांढरे हलके दाणे, शेडनेट, सगळं यादी करून आणलं. पागोळ्यांखाली ट्रे सरकवला की भरत होता, म्हणून पाणी यादीत आलंच नाही. हस्त संपला, आकाश कोरडं पडलं, आणि मी बिनदिक्कत विहिरीचं पाणी घालायला लागले. आमचं घर गुहागरच्या बाजूला, आगरात. विहीर पुळणीची, वाळूतली. "अगो, तीन पिढ्यांनी प्यायलंय ते पाणी," असं सासूबाई म्हणाल्या, आणि खरंच त्याच पाण्यावर पोफळी माडाच्या वर जायला बघतायत. डिसेंबरात पानांच्या कडा काळ्या पडल्या, मला वाटलं थंडी. जानेवारीत पानांवरचे किडे धरणारे चिकट थेंब दिसेनासे झाले, वाटलं हवा कोरडी. पाडव्याला सातातलं एक उरलं, तेही नावाला. मग कुणाकडून तरी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणून विहिरीत बुडवला. ३१०. या झाडांना ५० च्या आतलं पाणी लागतं, शंभरापर्यंत कशीबशी काढतात.

कारण नीट समजून घ्या, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखं "एखाद दिवस चालेल" म्हणाल. ही झाडं जिथं वाढतात तिथल्या जमिनीत काही म्हणजे काही नसतं. म्हणून तर ती किडे खातात. नत्र तिकडून घेतात. मुळांना क्षारांची सवयच नाही. आता ट्रेमध्ये विहिरीचं पाणी घातलं, उन्हानं पाणी उडालं, क्षार मागे राहिले. परत घातलं, परत राहिले. हे म्हणजे मिठागरच झालं की! एका दिवसाच्या पाण्यानं झाड मरत नाही, म्हणून तर चूक कळत नाही. तीन महिन्यांनी मरतं, तोवर आपण हवेला दोष देत बसतो.

तर मृगाच्या आधी पिंपं आणा. कशाची होती ते विचारून आणा, औषधाची किंवा तेलाची नकोत. पन्हळीखाली ठेवा. पहिले आठ-दहा दिवस पाणी धरू नका, वाहून जाऊ द्या. कौलांवर वर्षभराची धूळ, पाखरांची घाण आणि आपल्याकडे समुद्राचा खारा थर बसलेला असतो, तो सगळा पहिल्या पावसात उतरतो. मंगलोरी कौलांचं पाणी चांगलं, पत्र्याचंही चालतं. सिमेंटच्या स्लॅबचं आणि सिमेंट पत्र्याचं नको, त्यात चुना उतरतो. सिमेंटच्या हौदात साठवलंत तरी तेच, मग सगळी मेहनत वाया.

किती लागेल याचा हिशेब मी यंदा मांडला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. चार चौरस मीटरचा कोपरा धरला आणि दिवसाला ५० मिलिमीटर पडला, जे जुलैत काहीच नाही, तर एका दिवसात एक पिंप भरतं. म्हणजे भरायला एक दिवस पुरतो, प्रश्न आठवण राहण्याचा आहे. आठ कुंड्यांना थंडीत दिवसाला लिटरभर आणि मार्चपासून दोन लिटर धरा. ऑक्टोबरच्या मध्यापासून मृगापर्यंत साधारण साडेतीनशे लिटर होतं. म्हणून दोन पिंपं. तिसरं असेल तर मी तुम्हाला वेडी म्हणणार नाही. गणपतीपर्यंत दोन्ही भरलेली हवीत. नवरात्रात भरू म्हणालात आणि पाऊस लवकर परतला तर बसा माझ्यासारखे. तोंडाला जुन्या सुती लुगड्याचं दुहेरी कापड बांधा आणि वर झाकण घाला. डास होतात, डेंग्यूचं काय ते मी सांगायला नको. पिंप सावलीत ठेवा, नाहीतर आत हिरवं शेवाळ धरतं.

टीडीएस मीटर घ्या. काही शेकड्यांत येतो, एका रोपाच्या किमतीत. पिंपाचं पाणी मोजा, विहिरीचंही मोजा. वर सड्याकडच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, जांभ्यातल्या काही विहिरींचं पाणी खूप हलकं असतं, तुमचं नशीब असेल तर मीटरच सांगेल. पण पावसाळ्यात मोजून खूश होऊ नका, एप्रिलात पुन्हा मोजा. खाडीजवळच्या विहिरी तेव्हा मचूळ होतात. पाणी उकळून क्षार जात नाहीत, उलट दाट होतात. तुरटीनंही जात नाहीत. हे दोन्ही सल्ले मला मिळालेत, म्हणून लिहिलं. घरात आरओ असेल तर त्याचं पाणीही मोजूनच घाला, काही यंत्रं चवीसाठी क्षार परत मिसळतात.

आता रोपं. पहिली नकोशी गोष्ट म्हणजे व्हीनस फ्लायट्रॅप. सगळ्यांना तीच हवी असते, मलाही हवी होती, सातातली तीन तीच होती. ती मूळची अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या किनारपट्टीची. तिला दरवर्षी तीनेक महिने खरी थंडी लागते, दहा अंशांच्या आतली. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पंखा बंद केला की आपण थंडी पडली म्हणतो. लोक तिला ओल्या मॉसमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवतात, जमतंही. पण आमच्या फ्रिजमध्ये सुरमईच्या शेजारी झाड ठेवायचा प्रस्ताव मी मांडू शकले नाही. आणि घरात मुलं असतील तर ती दिवसभर काडीनं डिवचतात. आतल्या केसांना वीसेक सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की पान मिटतं, आणि एक पान असं मोजक्याच वेळा मिटू शकतं. मग ते काळं पडतं. सॅरासेनिया या उभ्या नळीसारख्या पानांच्या कीटकभक्षी झाडालाही थंडीतली झोप लागते, पहिल्या वर्षी तीही नको.

घ्यायची ती घटपर्णी, म्हणजे पानाच्या टोकाला किडे पकडणारे घट लटकतात ती नेपेंथिस, पण सखल प्रदेशातली. अँप्युलॅरिया, राफ्लेसियाना, मिराबिलिस, नाहीतर नर्सरीत सगळ्यात सहज मिळणारा व्हेंट्राटा हा संकर. या मंडळींना आपली दमट हवा मानवते. माझं जे एक उरलं ते व्हेंट्राटाच. डोंगरावरच्या जातींना रात्री गारवा लागतो, फोटो कितीही सुंदर असला तरी त्यांच्याकडे बघू नका. मेघालयातली खासियाना ही भारतातली एकमेव रानटी घटपर्णी. तिला कायद्याचं संरक्षण आहे, कागदपत्रं नसलेलं रोप कुणी दिलं तरी घेऊ नका. दुसरं दवबिंदू, ड्रोसेरा. बर्मानी आणि स्पॅट्युलाटा या जाती इथं छान राहतात. केपेन्सिस सगळ्यात सोपी असं सांगतात, पण ती दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली, आपल्या उकाड्यात मरगळते.

आणि सड्यावरून उपटून आणू नका. श्रावण-भाद्रपदात आपल्या कातळावर सीतेची आसवं फुलतात, तीही कीटकभक्षीच. मुळं नाहीतच, ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात आणि त्यांचं दार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत उघडून पाण्यातला सूक्ष्म जीव आत ओढला जातो. गवती दवबिंदूही तिथंच गवतात चमकतो. बघा, गुडघे टेकून बघा. पण ती एका पावसाळ्याची झाडं, कातळावरच्या पाण्याच्या पापुद्र्यावर जगतात, कुंडीत आठवडाभरही टिकत नाहीत. मी शाळेत असताना आणून बघितलंय.

माती नको. लाल नको, काळी नको, शेणखत, गांडूळखत, जीवामृत काही नको. खतानं ही झाडं मरतात, यावर सासूबाईंचा अजून विश्वास नाही. दवबिंदूला दोन भाग पीट मॉस आणि एक भाग परलाइट. घटपर्णीला लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस, परलाइट आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे सारखे. सोडण आपल्याकडे फुकट आहे म्हणून तसंच घालू नका. सोडणात आणि कोकोपीटमध्ये मीठ असतं, खाऱ्या पाण्यात कुजवलेलं असेल तर फारच. चार-पाच वेळा धुवा, शेवटचे दोन हात पावसाच्या पाण्यानं. बघा, पुन्हा पिंप. समुद्राची वाळू कितीही धुतली तरी नको, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे चुना. कुंडी प्लास्टिकची. मातीची आणि सिमेंटची नाही.

जागा. दवबिंदूला सकाळचं चार-पाच तास ऊन, तेव्हाच तो लाल होतो आणि थेंब धरतो. घटपर्णीला माडापोफळीखालचा उजेड किंवा ५० टक्के शेडनेट. समुद्राकडच्या अंगाला काहीच ठेवू नका, वैशाखात पश्चिमेचा वारा सुटला की पानांवर हात फिरवून जिभेला लावून बघा, खारट लागेल. घराच्या मागे, पूर्वेकडे ठेवा. पावसाळ्यात दोन्हींवर पारदर्शक पत्रा किंवा पडवीची कड हवी. आषाढातल्या झोडपणीत दवबिंदूचा चिकटा धुऊन जातो आणि घट पाण्यानं भरून वाकतात.

रोपं मागवायची जूनच्या शेवटी किंवा जुलैत, एप्रिल-मेमध्ये पार्सलच्या खोक्यातच शिजतात. पिंप त्याच्या आधी. आल्या आल्या उघडा. घट सुकलेले किंवा मोडलेले असतील, घाबरू नका, नवे येतात. शाबूत घटातलं पाणी सांडलं असेल तर पाव घट भरेल इतकं पावसाचं पाणी परत घाला. आठवडाभर सावलीत, मग हळूहळू उजेडात. दवबिंदूच्या ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढं पाणी कायम, चार दिवसांनी ओतून नवं, डासांसाठी. घटपर्णी ट्रेमध्ये उभी करायची नाही, वरून पाणी घालायचं आणि निथळू द्यायचं. मुळं कुजली तर ती परत येत नाही.

खायला घालायचं नाही. आपल्याकडे माश्या, मुंग्या, चिलटं यांची कमी आहे का? आमच्या भाच्यानं घटात सोडे टाकले होते. तीन दिवस वास, मग घट काळा. गोगलगायी मात्र रात्री बॅटरी घेऊन वेचा, श्रावणात एका रात्रीत दवबिंदू साफ करतात.

पाऊस गेल्यावर फारसं काही नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी जमिनीकडून कोरडा वारा येतो, तेव्हा घटपर्णी नवे घट धरत नाही. पानं हिरवी आहेत ना, मग गप्प बसा. पिठ्या ढेकूण दिसला तर बोटानं पुसा.

मार्चपासून दर आठवड्याला पिंपात काठी बुडवून बघा. निम्म्याच्या खाली गेलं असेल तर कुंड्या थोड्या जास्त सावलीत घ्या. अगदीच संपलं तर एसीच्या नळीचं पाणी, मोजून, किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, ॲसिड मिसळलेलं नाही हे बघून. महिनाभर तेच घातलं तर खर्चाचा आकडा घरी सांगू नका. विहीर नाही. एक तांब्यासुद्धा नाही.

मॉस वर्ष-दीड वर्षानं बदलायचं, ते जूनमध्येच करा. नवं मॉस भिजवायला बादलीभर पाणी लागतं, तेही पिंपातलंच.